केतकी, काताझिना आणि मी

माझ्या मुलाला दोन बायका आहेत, अशी माहिती पोलिसांना मी स्वतः दिली.

सलील माझा एकुलता एक. त्यानं पोलंडची मुलगी केली. पासपोर्टवर तिचं नाव काताझिना, पण सलील लाडानं म्हणतो काशा. "काशा, कशी आहेस?" हे दिवसभर ऐकून माझं डोकं उठायचं! म्हणून नोंदणी झाल्यावर हौसेनं विधी केले, तेव्हा ताटात तांदूळ पसरून मी सलीलला अंगठीनं लिहायला लावलं, 'केतकी'. (तिला विचारलं होतं हं. "छान आहे," म्हणाली. तेव्हा तिला मराठीत तेवढंच येत होतं.) धायरीतली आमची अख्खी सोसायटी तिला केतकी म्हणू लागली, आणि पासपोर्टवरचं नाव मी विसरले ते विसरलेच.

लग्न नोंदवून दोन वर्षं झाली, तसा तिनं ओसीआय कार्डासाठी अर्ज केला. ते मिळालं की व्हिसा वाढवत फिरायला नको, कायमचं इथं राहता येतं. नाही मिळालं तर काय, हा विचार करून सलील निम्मा झाला होता. व्हिसा संपत आला होता ना!

"आई, चौकशीला माणूस येईल. नीट बोल."

"मी काय त्याला खाणार आहे?"

माणूस आला तो साध्या कपड्यांत. माझे हात कणकेचे. मी दार अर्धंच उघडलं.

"कटारझायना आहेत का?"

"कटार? आम्ही दारावर काही घेत नाही!"

"अहो, नाव आहे ते. इथं राहतात ना?"

"असं कोणी राहत नाही इथं."

"मग कोणी फॉरेनर बाई?"

(फॉरेनर म्हटल्यावर मला सून आठवलीच नाही. रोज आमटीला फोडणी देणारी मुलगी फॉरेनर कशी असेल?)

"आम्ही पेइंग गेस्ट ठेवत नाही. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सून."

"सुनेचं नाव?"

"केतकी!" मी ठणकावलं. त्यानं लिहून घेतलं आणि गेला. कटकट गेली म्हणून मी खुशीत पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सलीलला चौकीतून फोन. अर्जदार पत्त्यावर राहत नाही, नवरा मात्र तिथंच दुसऱ्या बायकोबरोबर राहतो, हा काय प्रकार आहे?

"आई, काय सांगितलंस तू त्यांना?"

"खरं तेच!" म्हणाले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्यामुळं पोरीला परत जावं लागलं तर?

आम्ही तिघंही चौकीत. समोर साहेब.

"केतकी कोण आणि काताझिना कोण?"

"दोन्ही हीच! तांदळात नाव बदललंय आम्ही."

"त्याचा काही पुरावा?"

"तांदळाचा कसला पुरावा? त्याचा भात झाला!"

सलीलनं कपाळाला हात लावला. आणि केतकीचा बांध फुटला. "आई, किती वेळा म्हटलं, माझं नाव एकदा पाठ करा! तुम्ही म्हणालात, जमेल तसं बघू."

"आणि तू? कोशिंबिरीला दही आयत्या वेळी घाल म्हणून घसा कोरडा केला मी! ऐकलंस कधी?"

"दह्याचा काय संबंध इथं?"

"तुझा कशाशीच संबंध नसतो!"

साहेबांनी हात वर केला. "बास! पटली खात्री. एकाच घरात राहता तुम्ही."

हुश्श! केतकी माझ्या गळ्यातच पडली, आणि मला रडूच कोसळलं. साहेब म्हणाले, "आजी, तुमचा जबाब दुरुस्त करू. सही करा, आधार कार्ड दाखवा."

मी ऐटीत सही केली, 'वसुंधरा'. साहेब कार्डाकडे बघत राहिले. "या बेबी कोण?"

(माझं माहेरचं नाव! शाळेच्या दाखल्यावरून कार्डावर गेलेलं.)

"मीच ती! माझंही तांदळात..."

"पुरावा?"

तेवढ्यात केतकी पुढं झाली. "साहेब, या माझ्याच सासूबाई. मी लिहून देते."

तिनं खरंच लिहून दिलं. पिढ्यान् पिढ्या पुण्यात काढलेल्या घरातली मी, आणि माझी ओळख पटवायला पोलंडहून माणूस आणावं लागलं!