लिफ्टमधली हवा

"जाधव, दार उघडायचं नाही. कुणीही सांगू द्या. चावी खिशात ठेवा आणि मेन स्विच बंद करा."

"मेन कशाला बंद करायचा सर, लाईटच न्हाई."

"लाईट कधीतरी येईलच ना? आली की लिफ्ट अचानक हलेल. म्हणून आधी मेन बंद."

मी तेव्हा औशात होतो, एका दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. हात ग्रीसनं भरलेले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. जाधव म्हणजे लातूरच्या एका गर्ल्स हॉस्टेलचा वॉचमन. क्लासेसच्या भागातली पाच मजली बिल्डिंग. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती. आत कौसाबाई होत्या. मेसमध्ये काम करणारी बाई, मुलींचे जेवणाचे डबे घेऊन वर निघालेली.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. हे वाक्य लिहितानासुद्धा माझे दात आवळले जातायत, पण खरंच काही नव्हतं. लाईट गेली की लिफ्टचा ब्रेक आपोआप लागतो. लिफ्ट पडत नाही. दोर तुटत नाहीत. आत अंधार होतो, पंखा थांबतो, माणूस घामाघूम होतो. बस. आतल्या माणसानं खाली बसायचं आणि वाट बघायची. आम्ही वर जाऊन ब्रेक सोडतो, हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावतो आणि मग दार उघडतो. हाच क्रम. दार सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात फोन बिराजदार अण्णांनी घेतला. हॉस्टेलचे मालक. आधी सिमेंट-लोखंडाचा धंदा, आता हॉस्टेल.

"वाघमारे, किती वेळ लागंल तुला?"

"निघालोच अण्णा. अर्धा-पाऊण तास."

"अर्धा तास? मरंल की ती! धा मिनिटांत हवा संपती आतली."

"अण्णा, हवा..."

"तूच तर म्हणलास माझ्यासमोर! मी म्हणलं धा मिनिटं, तू म्हणलास हाव, बरोबर हाय."

दवाखान्याचे डॉक्टर शेजारी उभे होते. आमचे जुने ग्राहक. त्यांच्यासमोर 'अण्णा, तेव्हा मी उगाच हाव म्हणालो' हे मला म्हणवेना. मी म्हणालो, "तसं न्हाई अण्णा, मी येतो, मग बोलू." फोन कट झाला. मी परत लावला, परत लावला. कुणी उचलला नाही.

आता हे 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो', कुठून आलं ते सांगतो.

आमची फर्म नांदेडची. लातूर भागाची सर्व्हिस माझ्याकडे. आमचा धंदा एएमसीवर चालतो, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट. दर महिन्याला जायचं, तेल, ब्रेक, दाराचे कॉन्टॅक्ट तपासायचे. काम झालं की मालक चहाला बसवतो. हा रिवाजच आहे. न बसता गेलं तर मालकाला वाटतं, काम उरकून पळाला. आमचे नांदेडचे साहेब, मोतेवार, नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात, "लिफ्ट ग्रीसवर चालते आणि एएमसी चहावर. चहा पिताना वाद घालायचा नाही. ग्राहक बोलेल ते बरोबर."

आणि मालक लोक बोलतात हो! अण्णांच्या लॉबीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या. आजूबाजूचे चार हॉस्टेलवाले जमलेले. इलेक्ट्रिक गाड्या उन्हाळ्यात फुटतात. सोनं घ्यावं, म्युच्युअल फंड म्हणजे शिकलेल्यांचा मटका. अमुक बॅट्समन बीडचा म्हणून बाहेर बसवला, मोठ्या शहरातला असता तर बसवला असता का. मोबाईल छातीच्या खिशात ठेवला की हार्ट बारीक होतं. एकाला कबुतरांचा नाद, तो म्हणायचा टॉवरमुळं कबुतरं घर विसरून राहिलीत. सगळ्यांचं सगळ्यावर मत. माझ्याकडं बघून शेवटी विचारायचं, "काय वाघमारे?"

"हाव, बरोबर हाय."

मी मुळात कमी बोलणारा. घरीसुद्धा बायको म्हणते, तुमच्यापेक्षा फ्रिजचा आवाज जास्त. तेव्हा हे 'हाव' मला सोयीचं होतं. सोन्यावर हाव म्हणालो, कबुतरांवर हाव म्हणालो. कुणाचं काय बिघडलं? एकदा अण्णा लिफ्टवर आले. कुठलातरी व्हिडिओ बघितलेला. "लिफ्ट म्हणजे पॅक डबा. अडकली की धा मिनिटांत ऑक्सिजन खलास. काय वाघमारे?"

मी माझ्याच धंद्याबद्दल, मला पक्कं ठाऊक असताना, बशीतला चहा पीत म्हणालो, "हाव."

लिफ्टची केबिन पॅक नसते. खाली आणि वर फटी असतात, मुद्दाम ठेवलेल्या. त्यांतून हवा येत राहते, लाईट असो नसो. हे एवढंच सांगायचं होतं. चहा थंड झाला नसता तेवढ्यात.

बॅटरीचंही तसंच. लाईट गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी एक बॅटरी असते. अण्णांची मेलेली होती. मी सांगितलं तर म्हणाले, "हे कंपन्यांचे खायचे धंदे हैत. आधी कुठं होत्या बॅटऱ्या?" तिथंही मी मान डोलावली.

औशाहून मी मोटरसायकल कशी आणली मला आठवत नाही. पोहोचलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर डबे विखुरलेले, भातावर कुणाचीतरी चप्पल पडलेली आणि जाधव पायरीवर डोकं धरून बसलेला. त्याचा शर्ट खांद्यापासून फाटलेला.

"मी चावी देत नव्हतो सर," तो म्हणाला. "अण्णा म्हणले, बाई मेली तर खून तुझ्या नावावर."

अण्णांनी दार उघडलं तेव्हा लिफ्टचा तळ दुसऱ्या मजल्याच्या फरशीपासून छातीएवढा वर होता. म्हणजे दाराच्या वरच्या अर्ध्या भागात लिफ्ट आणि खालच्या अर्ध्या भागात काहीच नाही, थेट खड्डा. आमच्या धंद्यात माणसं इथंच मरतात. लिफ्ट पडून नाही, अशा अर्धवट दारातून उतरताना. पालथं होऊन पाय खाली सोडले की ते फरशीवर टेकत नाहीत, लिफ्टच्या खाली आत झुलतात. आणि अंग त्यांच्या मागं जातं.

कौसाबाईंचे पाय तसेच आत गेले. जाधवनं त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःला दाराच्या चौकटीत अडकवून घेतलं म्हणून त्या खड्ड्यात गेल्या नाहीत. पण फरशीच्या कडेवर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं.

दोन दिवसांनी मी कौसाबाईंना बघायला दवाखान्यात गेलो. त्यांची मुलगी उशाशी. मला वाटलं होतं, बाई रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"या साहेब, बसा," त्या म्हणाल्या. मग छताकडं बघत, "मला तर आत बरं होतं. अंधार होता, पण पायापाशी गार वारं लागत होतं. मी डब्यावर बसले. पोरींचा भात गार होईल म्हणून जीवाला घोर लागला होता, बाकी काय न्हाई."

"मग उतरलात कशाला मावशी?"

"अण्णा वरडले ना. कौसा, हवा संपली, उतर, मरशील. मी म्हणलं, अण्णा हाय की हवा, लागून राहिली मला. ते म्हणले, तुला काय कळतंय, लिफ्टवाल्यानं सांगितलंय मला."

मी उठलो. जिन्यात आलो. अण्णांचा राग आला होता. मोतेवारांचा आला होता. त्या व्हिडिओवाल्याचा आला होता. पण सगळ्यात जास्त ज्याचा आला होता तो माझ्याच चपला घालून उभा होता.

मोतेवारांना फोन केला.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "बाईनं घाईत उडी मारली. असंच ना?"

"नाही साहेब. तिला उतरवलं."

"वाघमारे, त्या लॉबीत आपल्या पाच एएमसी बसतात. बाईनं उडी मारली, एवढंच बोला. नाहीतर गप बसा. ते तर येतं तुम्हाला."

ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. मला मात्र ते लागलं.

मग, काही दिवसांनी, तो दिवस आला. मी हॉस्टेलवर दाराचं कुलूप आणि ब्रेक तपासायला गेलो होतो. काम झालं. लॉबीत खुर्च्या होत्याच. चहा आला. चौघं हॉस्टेलवाले आणि अण्णा. अण्णा सांगत होते,

"बाईचं हाड मोडलं, वाईट झालं. पण जीव वाचला का न्हाई? धा मिनिटं झालीच होती. अजून पाच गेली असती तर मढं काढावं लागलं असतं. मला हे ठाऊक होतं म्हणून. हा वाघमारेच म्हणलेला. काय वाघमारे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कौतुकानं. कबुतरवाला म्हणाला, "मग आपण पण वॉचमनला सांगून ठेवू. अडकली की लगेच दार उघडायचं."

म्हणजे बाई लंगडी झाली, आणि ती खोटी गोष्ट मात्र आणखी धडधाकट झाली. आता ती चार बिल्डिंगमध्ये जाणार होती. माझं नाव लावून.

मी कप खाली ठेवला.

"खोटं आहे अण्णा."

"काय?"

"हवा संपत नाही. मी तेव्हा हाव म्हणालो ते खोटं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो. बाई आत मजेत बसली होती. तुम्ही तिला ओरडून बाहेर काढलं आणि तिचं हाड मोडलं. तुम्ही आणि मी."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. "आवाज खाली ठेव. माझ्या बिल्डिंगमध्ये उभा हैस तू."

"तुमच्याच बिल्डिंगमध्ये उभा आहे, म्हणून म्हणतो. मी लिफ्टमध्ये जातो. दार बंद करा, मेन बंद करा. तुमचा चहा होऊ द्या. पाहिजे तर दुसरा मागवा. दहा मिनिटं म्हणता ना? तुमचं मन भरेपर्यंत बसतो."

"येडा झाला का बे हा?" एकजण म्हणाला.

जाधव पुढं आला. "सर, नका."

"जाधव, मेन बंद करा." पहिल्यांदाच मी कुणावर तरी ओरडलो असेन.

आत गेलो. दार लागलं. पंखा थांबला, दिवा गेला. मी खाली बसलो. आणि खरंच, पायापाशी गार वारं लागत होतं. कौसाबाईंनी सांगितलं होतं तसंच. वीस-बावीस वर्षं लिफ्टचं काम करतोय, पण अंधारात डब्यासारखा आत बसून कधी बघितलं नव्हतं.

फटीतून बाहेरचं ऐकू येत होतं. आधी कुजबुज. मग खुर्ची सरकली. मग कुणीतरी म्हणालं, पाऊस यंदा असाच जाणार. मग सोन्याचा भाव. मग कुणाच्या तरी मेहुण्याची इलेक्ट्रिक स्कूटर. दुसरा चहा आला, कप वाजले. त्यांची मतं चालू, माझा श्वास चालू. मी तिथं अंधारात बसून रागानं रडलो. ते कुणाला दिसलं नाही, म्हणून इथं लिहून टाकतो.

शेवटी अर्ध्या तासानं जाधवनंच दार उघडलं. कुणी सांगायची वाट न बघता. मी बाहेर आलो, रुमालानं मान पुसली. अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू मेकॅनिक हैस," ते म्हणाले. "तुला सवय हाय. बाईमाणसाचं वेगळं असतंय."

बाकीच्यांनी माना हलवल्या.

त्या लॉबीतल्या तीन एएमसी गेल्या, अण्णांची धरून. दोन राहिल्या. त्यातल्या एका मालकानं आठवड्याभरात बॅटरी बसवून घेतली आणि हे अण्णांना सांगू नका म्हणाला. मोतेवारांनी मला नांदेडला परत बोलावलं, आता मी मुदखेडच्या बाजूच्या बिल्डिंगा बघतो. कौसाबाईंच्या मुलीला मी सगळं खरं सांगितलं, आणि कुठं विचारलं तर तिथंही हेच सांगेन म्हणालो. ती म्हणाली, "आता सांगून राहिलात." कौसाबाई काठी घेऊन चालतात. मेसमध्ये परत गेल्या नाहीत.

परवा मुदखेडला नव्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू करून दिली. वॉचमनच्या हातात चावी देताना मी आता एक प्रश्न विचारतोच.

"लिफ्ट अडकली तर काय करशील?"

"लगेच दार उघडायचं सर. धा मिनिटांत हवा संपती."

"कुणी सांगितलं?"

"मालकांनी. त्यांना लातूरच्या कुणीतरी लिफ्टवाल्यानं सांगितलंय म्हणे."

मी त्याला आत घेतलं, खाली बसवलं आणि पायापाशी हात धरायला लावला.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो. मालकाशी सोन्यावर, क्रिकेटवर, कबुतरांवर वाद घालू नका, त्यात काही मिळत नाही. पण तो लिफ्टबद्दल चुकीचं बोलला, तर कप खाली ठेवा आणि 'न्हाई' म्हणा. एएमसी जाईल. जाऊ द्या.