व्हरांड्यातला बंद फोन

वामनभाऊंच्या शोकसभेत साहेबांनी त्यांना ‘संपर्काचा दुवा’ म्हटलं, तेव्हा मी उठून बाहेर आले. तिथे बसले असते तर तोंडातून काहीतरी वेडंवाकडं निघालं असतं. तो दुवा तोडायचा कागद साहेबांनी मागितला होता आणि लिहिला होता मी... 

एटापल्लीच्याही पुढे, जंगलात आमचं ऑफिस. मी चंद्रपूरहून आलेली कॉम्प्युटर ऑपरेटर, वामनभाऊ तिथले टेलिफोन मेकॅनिक. मोबाईलची रेंज हवी तर टेकडी चढायची, तीही टॉवर चालू असला तर. जिल्ह्याच्या ऑफिसपर्यंत भाड्याने घेतलेली एकच लीज्ड लाइन होती, आणि तिच्यावर माझा कॉम्प्युटर आणि व्हरांड्यातला फोन दोघांचा संसार. लाइनीच्या टोकाला भाऊंनी बसवलेली पेटी होती. फोन उचलला की ती बोलण्याला आधी जागा द्यायची आणि माझी माहिती मुंगीच्या पावलाने सरकायची. फोन ऑफिसचा, पण वापरायचं सगळं गाव. कोणाची बाळंतीण अडली, कोणाला साप चावला, की लोक व्हरांड्यात हजर. भाऊ जिल्ह्याला सांगायचे, तिथून गाडी निघायची. रोज सकाळी चहाच्या आधी ते रिसीव्हर उचलायचे. “हॅलो गडचिरोली, आवाज येऊन राह्यला का?”

मी जाम चिडायची. ऐन महिनाअखेरीला माहिती अडकली की बोलणी मी खायची. एकदा एक बाई फोनपाशी उभी असताना ओरडलेच, “भाऊ, हे ऑफिस आहे की गावची चावडी?” ते हसले. “तुमची माहिती संध्याकाळी गेली तं चालते ना मॅडम? तिच्या लेकराले झटके येऊन राह्यले.” मी म्हटलं, मग बोलणी तुम्ही खा. “खातो ना,” म्हणाले. पण खाल्ली मीच. साहेब म्हणाले, लेखी द्या. मी दिलं. फोनचा वाटा काढावा, सगळी लाइन कॉम्प्युटरला द्यावी.

ते काम भाऊंनाच करायला लावलं. दहा मिनिटांत केलं त्यांनी. फोन काढून ठेवू का, मी विचारलं तर म्हणाले, “राहू द्या. लोकं येतीन, पाहतीन, मंग समजतीन.” माझ्याशी अबोला धरला असता तरी बरं होतं. तसंच रोज चहा विचारायचे. आणि रोज सकाळी तो मेलेला रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. “बंद आहे ना भाऊ?” “मले माहीत हाय. मीच तं केला.” मला वाटायचं, मला टोचायला करतात.

महाशिवरात्रीच्या दिवशी ऑफिसची जीप मार्कंड्याच्या जत्रेच्या ड्युटीवर गेली होती. टॉवर दोन दिवस बंद. सुट्टी असूनही मी राहिलेल्या कामासाठी आले होते. सकाळीच भाऊ छाती धरून व्हरांड्यात आडवे झाले. मागच्या क्वार्टरमधून सुमनबाई, भाऊंच्या पत्नी, धावत आल्या आणि सवयीने फोनच उचलला. “हॅलो... हॅलो...” मग माझ्याकडे पाहिलं. पेटीचं काम फक्त भाऊंना यायचं, आणि भाऊंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी म्हटलं, थांबा, मी जिल्ह्याला मेल टाकते.

टाकला. झटकन गेला. लाइन आता सगळी माझीच होती ना! आणि मी, शिकलेली बाई, पाऊण तास स्क्रीनसमोर उत्तराची वाट पाहत बसले. सुट्टीच्या दिवशी तिकडे मेल कोण उघडणार, हे डोक्यातच आलं नाही. शेवटी सुमनबाईंनीच शाळेतल्या गुरुजींना मोटरसायकल घेऊन आणलं. भाऊंना मध्ये बसवून दोघांनी नेलं. एटापल्ली यायच्या आधीच भाऊ गेले.

गेल्या आठवड्यात सुमनबाई पेन्शनच्या कागदावर सही करायला आल्या होत्या. भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले नव्हते, तोंडच नव्हतं मला. सही करून त्या व्हरांड्यात फोनपाशी उभ्या राहिल्या. “मॅडम, तुम्ही त्या दिवशी आतमधी इतका वेळ काय करून राह्यल्या होत्या?”

“उत्तराची वाट पाहत होते.”

“मंग आलं?”

“आलं. चौथ्या दिवशी. ‘आपला मेल मिळाला, योग्य कार्यवाही करण्यात येईल.’”

रिसीव्हरवर धूळ बसली होती, ती त्यांनी पदराने पुसली, क्षणभर कानाला लावला आणि जागेवर ठेवून दिला.