सुपारी फोडायची नाही

माझं लग्न ठरत आलं आणि बाबांना खोकला लागला. श्रीवर्धनात तेव्हा लांबलेला खोकला म्हणजे क्षयच. दुसरा आजार लोकांना ठाऊक नव्हता. आणि क्षयाच्या घरची मुलगी कोण करणार? मला तो मुलगा आवडला होता, हे आता म्हातारपणी सांगायला काय हरकत आहे! बाबांना खोकल्याची ढास लागली की शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी धावत खिडक्या लावायचे.

क्षयाची इंजेक्शनं झाली, गुण काही येईना. मग गावात पुण्याचे नवे डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावण्याआधी धंदा विचारला. बाबा दिवसभर ओलसर पडवीत सुपारी सोलत बसतात, सालींवर पांढरी बुरशी असते आणि त्याच दिवसांत खोकला वाढतो, हे त्यांनी बरोबर काढून घेतलं. थुंकी तपासायला मुंबईला पाठवली.

निकाल ऐकून बाबा पडलेल्या चेहऱ्याने घरी आले.

"क्षय नाही गो," ते आईला म्हणाले, "छातीत बुरशी आहे. दुधातून घ्यायला थेंब दिलेत. पण सुपारी फोडायची नाही म्हणाले. वर्षभर तरी."

आईने डोळ्यांना पदर लावला. आमच्याकडे सुपारी सोलतात, कातरतात. फोडतात ती फक्त लग्न ठरवताना.

माझं डोकं फिरलं. अनवाणीच तडक दवाखाना गाठला. "माझं लग्न मोडणारे तुम्ही कोण?"

"कुठलं लग्न?" डॉक्टर गोंधळले. "वडिलांनी सालींच्या धुळीत बसू नये, एवढंच म्हटलं मी. हा आजार दुसऱ्याला लागतसुद्धा नाही."

"मग सोलू नका म्हणावं! मराठी येत नाही का?" पुण्याच्या माणसाला हे विचारणारी मी पहिलीच असेन.

सोलायचं काम गड्यांकडे गेलं. थेंब कडूजहर होते, पण बाबांना हळूहळू उतार पडला. मुलाकडची मंडळी आली. मुलाचे वडील नेमके बाबांच्या समोर बसले. सुपारी फुटली, सगळे पेढ्यांकडे वळले. मी बाबांकडे बघत होते. ढास येईल या भीतीने ते श्वास कोंडून लालबुंद झाले होते.

"सोडा हो श्वास," मुलाचे वडील म्हणाले. "आम्ही डॉक्टरांना भेटूनच आलोय. तुमची मुलगी तिथे चांगलीच गाजली आहे."

बाबांनी श्वास सोडला. खोकला आला नाही. रडू मात्र आलं, त्यांना आणि मलाही.