आधी अस्तर दाखव

या शहरात कुणाची ऐपत किती, हे बँकेच्या मॅनेजरला कळायच्या आधी आमच्या अस्तरवाल्या काकूंना कळतं. घर, गाडी, गळ्यातलं यांतलं काही त्या बघत नाहीत. त्या ब्लाउजची बाही उलटी करायला सांगतात. मग चष्मा कपाळावर चढवून आतलं अस्तर चिमटीत धरतात, चुरगाळतात, सोडतात आणि निकाल देतात. एकदा भरजरी पैठणी नेसलेल्या बाईला त्यांनी भर दुकानात सांगितलं, "साडी बहिणीची नेसून आलीस. ब्लाउज तेवढा तुझा." बाई गोरीमोरी झाली, कारण साडी बहिणीचीच होती. आणि एकदा विटक्या सुती लुगड्यातल्या म्हातारीचं अस्तर पाहून त्या स्वतः उठल्या आणि तिला आपलं स्टूल दिलं. पुढं कळलं, खुलताबादेकडे म्हातारीची दोन विहिरींची बागायत आहे. बावीस वर्षं मी हे बघतेय. निकाल चुकल्याचं मला आठवत नाही.

माझा क्रांती चौकाच्या मागे शिवणकामाचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा; पाच मशिनी आणि एक कटिंगचं टेबल. अस्तर मी पहिल्या दिवसापासून काकूंकडून घेते. त्यांचं दुकान गुलमंडीजवळच्या एका बोळात. एक बाकडं, एक शिडी आणि छतापर्यंत रचलेले कापडाचे तागे. अस्तराच्या रंगांना नंबर असतात. काकू नंबर मानत नाहीत. त्यांनी प्रत्येक रंगाला स्वतःचं नाव ठेवलंय. गडद मरून म्हणजे 'सासूचा राग'. फिकट पिवळा म्हणजे 'दुसऱ्या दिवशीचं वरण'. करड्यातला एक 'ढग आला पण गेला'. माझ्या कारागीर बायकांना ही नावं पाठ आहेत. नवी मुलगी कामाला आली आणि तिनं नंबर विचारला, तर जुन्या तिच्याकडे दयेनं बघतात. काकू मला 'मास्टरनी' म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी माझीही बाही उलटी केली होती आणि म्हणाल्या होत्या, "एकटीनं धंदा काढलाय. अस्तर स्वस्त, पण शिवण दुहेरी. चालशील तू." मी चालले.

काकू सिंधी. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून निघाले आणि छावण्यांमधून फिरत फिरत इथं पोचले. काकूंचा जन्म वाटेतल्या एका छावणीत, तंबूत झाला. "माझ्या जन्माला नुसतं वरचं कापड होतं, आत अस्तर नव्हतं," असं काकू त्या तंबूबद्दल सांगतात. वडिलांनी आधी सायकलवर पापड विकले, मग गोळ्या-बिस्किटं, मग कटपीस, मग अस्तर. स्वतःच्या समाजाचा हा प्रवास काकूंना अतिशय आवडतो, आणि तो त्या नुसता कधी सांगत नाहीत. शेजारी तुलनेला दुसरा एक समाज उभा करून मगच सांगतात. तो दुसरा समाज म्हणजे हिमरू विणणाऱ्यांचा. हिमरू म्हणजे इथलं जुनं नक्षीचं कापड, सूत आणि रेशीम मिळून विणलेलं. समोरून वेलबुट्टी, मागून सुट्या धाग्यांचा गुंता, त्यामुळे त्याला अस्तर लागतंच. त्या निमित्तानं विणकरांच्या गल्लीतले एक चाचा वर्षानुवर्षं दुपारी चारला काकूंच्या दुकानी यायचे. चहा व्हायचा आणि वाद सुरू व्हायचा. दोन्ही घराणी बाहेरून आलेली; एक सुलतानानं राजधानी हलवली तेव्हा, असं चाचा छातीवर हात ठेवून सांगतात, आणि एक रेल्वेच्या डब्यातून.

"उस्ताद, तुम्ही शाही बोलावण्यावरून आलात. हातात हुन्नर घेऊन आलात," काकू सुरुवात करायच्या. "आम्ही काय आणलं? भूक! आता बघा, आमच्या गल्लीत दुकानं किती आणि तुमच्या गल्लीत माग किती?"

"भाभी, दुकान तो कोई भी खोल लेता. आपने चार धंदे बदले. हमने इतनी पुश्तों में एक नहीं बदला."

"म्हणूनच!" काकू विजयानं म्हणायच्या.

"वहीच तो मैं बोल रहा हूँ, म्हणूनच!" चाचाही तितक्याच विजयानं म्हणायचे, आणि दोघंही जिंकून चहा प्यायचे.

हा वाद असाच चालला असता. पण माझी भाची कन्नड तालुक्यातून एम.ए. करायला माझ्याकडे राहायला आली आणि तिला प्रकल्प मिळाला: 'शहरातील दोन स्थलांतरित समाजांच्या आर्थिक परिस्थितीचा तौलनिक अभ्यास'. चार दिवस उन्हात फिरून ती रडकुंडीला आली. "मावशी, चाळीस फॉर्म भरायचेत. कुणी दारात उभं करंना. उभं केलं तर खरं सांगंना." मी तिला सरळ काकूंच्या दुकानी नेऊन बसवलं. हा अभ्यास ज्या बाईनं फुकट आणि आयुष्यभर केलाय तिला सोडून पोरगी दारोदार का फिरतेय, हेच मला कळेना.

काकूंनी फॉर्म हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. "'कुटुंबाची आर्थिक स्थिती: उत्तम, मध्यम, हलाखीची.' हे कुणाला विचारणार तू?"

"ज्याचं घर त्याला."

"मग झालंच काम! बेटा, माणूस सोयरिकीला श्रीमंत असतो आणि सरकारला गरीब. घरच्या माणसाला घर कधी विचारायचं नसतं. समोरच्याला विचार."

"पण आजी, आमच्या सरांना काय सांगू?"

"सांग, स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही."

असं म्हणून काकूंनी अभ्यासाची पद्धतच बदलून टाकली. सिंधी घरांनी विणकरांचे फॉर्म भरायचे आणि विणकरांनी सिंध्यांचे. दोन्ही गल्ल्यांत आठ दिवस नुसता उत्सव. स्वतःबद्दल तोंड न उघडणारी माणसं दुसऱ्याबद्दल पुरवण्या जोडून लिहायला लागली. एका मिठाईवाल्यानं एका विणकराच्या घराबद्दल लिहिलं, 'मध्यम. परंतु बिर्याणी उत्तम.' उलट एका विणकर बाईनं त्याच मिठाईवाल्याबद्दल लिहिलं, 'उत्तम. पण मालकाला दुपारी झोपता येत नाही, म्हणून मध्यम.' भाची रोज घरी आली की पोट धरून हसायची. "मावशी, लई खरं बोलायलेत गं लोकं!"

चाचांचा फॉर्म मात्र काकूंनी दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही. चार वाजता चाचा आले, चहा आला, आणि काकूंनी पेनाचं टोपण काढलं. माणसं सहा. खोल्या दोन. पुढच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'माग: एक. चालू.'

चाचांनी बशी खाली ठेवली. "चालू मत लिखो, भाभी. महिनाअखेरीला काढायचाय. लडके को कमरा होना."

मुलाचं काही चुकत नव्हतं. तो कंपनीत कामाला, पोरं मोठी झालेली, आणि दोनांतली एक खोली मागानं अडवलेली. महिन्यात दोन शाली विकल्या गेल्या तर गेल्या. गल्लीतला तो शेवटचा माग, हे चाचा बोलले नाहीत; ते आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, आता काकू म्हणणार, 'बघा, कोण पुढं निघालं!' बावीस वर्षांच्या वादाचा निकाल आयता येऊन पडला होता. काकूंनी पेनाला टोपण लावलं.

"लिहिलेलं मी खोडत नाही."

"पण आजी," भाची हळूच म्हणाली, "माहिती चुकीची व्हईल ना."

"तर मग माहिती बरोबर करू."

चार महिन्यांवर काकूंच्या नातवाचं लग्न होतं. नवरदेवाकडच्या अकरा पुरुषांना एकसारखी जॅकेटं घ्यायचं काकूंच्या मुलानं ठरवलं होतं. तयार, चमकदार, फोनवर पसंत केलेली. काकूंनी नमुना मागवला. सगळं घर बसलेलं असताना त्यांनी तो मांडीवर उलटा केला, कात्रीच्या टोकानं एक टाका उचकला आणि अस्तर ओढलं. ते पापुद्र्यासारखं निघून आलं. आत खळ लावून चिकटवलेलं होतं. "हे अंगात घालून माझा नातू बोहल्यावर चढणार? शिंकला तर सुटेल!" मुलगा म्हणाला, "अम्मा, आत कोण बघतंय?" या घरात हे वाक्य त्यानं उच्चारायला नको होतं. दुसऱ्या दिवशी काकू गुडघ्यांना पट्टे बांधून, रिक्षानं, स्वतः चाचांच्या घरी गेल्या आणि अकरा जॅकेटांच्या हिमरूची ऑर्डर देऊन आल्या. माग काढायला आलेला सुतार आल्या पावली परत गेला.

मग जे सुरू झालं त्याला सहकार्य म्हणणं कठीण आहे. हिमरू दिवसाला वीतभर विणून होतं. चाचांनी बदामी जमिनीवर अशी बारीक वेल धरली की ती उजेडात आली तरच दिसावी. काकूंनी ती वीतभर बघितली आणि दुकानात परत येऊन सगळ्यात वरच्या फळीवरचं राणी रंगाचं सॅटिन उतरवलं. त्या रंगाचं नाव त्यांनी 'आता बघाच' ठेवलं. चाचांनी ऐकलं आणि वेलीत आणखी एक पान घातलं. मधल्या मधे मरण माझं. नक्षी जुळवून अकरा जॅकेटं कापायची, मागचे सुटे धागे ओढले जाऊ द्यायचे नाहीत, आणि दोघांनाही सांगायचं की दुसऱ्याचं काम तसं बरंच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी जॅकेटं घडी घालून पोचवली. काकूंच्या अस्तराचा कपडा आमच्याकडून अस्तर बाहेर ठेवूनच घडी होतो. गिऱ्हाइकानं आधी आत बघावं, हा त्यांचा नियम आणि आमची सवय. चूक झाली ती तिथंच.

मी कार्यालयाच्या रस्त्याला रिक्षातून उतरले तेव्हा वरात निम्म्या वाटेवर होती. बँड जोरात. पुढं नवरदेव घोड्यावर, मागं दहा पुरुष नाचत, आणि अकराच्या अकरा जणांच्या अंगावर झगझगीत राणी रंग. घडी जशी आली तशीच त्यांनी अंगात चढवली होती. ज्या घरात चाळीस वर्षं अस्तराचंच कौतुक, त्या घरात उलटी बाजू कुठली हे कुणाला सुचणार? शिवणी बाहेर, खिसे आत, आणि महिनोन्महिने वीत वीत विणलेली वेल अंगाला घासत होती. कार्यालयाच्या दाराशी पांढऱ्या शेरवानीत, अत्तर लावून, मुलाला आणि नातवंडांना सोबत घेऊन चाचा उभे होते. त्यांनी एकदा पाहिलं. मग ते ढोलवाल्याकडे बघायला लागले. चाचा ढोलाकडे बघणारे नव्हेत. त्यांचा मुलगा तर वडिलांकडे बघेचना.

"बँड बंद!"

काकू गुडघ्यांमुळे फुलं लावलेल्या गाडीत बसल्या होत्या. त्या दार उघडून उतरल्या. कुणाचा हात न धरता उतरताना मी त्यांना त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं.

"हा काय तमाशा? आतलं बाहेर काढून कुणाच्या दारात चाललात?"

"अम्मा, तूच सांगतेस ना," मुलगा घाबरून म्हणाला, "आधी अस्तर, आधी अस्तर."

"आधी दाखव म्हणते, गाढवा! घालून मिरव म्हणत नाही! काढा. सगळ्यांनी काढा. इथंच!"

भर रस्त्यात, घोड्यावरच्या नवरदेवासकट, अकरा जणांनी जॅकेटं काढली, झटकली आणि उलटी केली. ऊन कलतं होतं. अकरा बदामी जॅकेटं एकदम अंगावर चढली आणि अकरा वेली एकदम उजेडात आल्या. मी त्या कापडावर दोन महिने कात्री चालवलेली बाई. तरी मी तेव्हाच ते पहिल्यांदा पाहिलं. मुलीकडच्या बायका दारातून खाली आल्या. एका आजोबांनी एका नाचणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढेनात. "कुठलं हो हे? कुणी विणलं?" काकूंनी काठी उचलून चाचांकडे रोखली. "तो तिथं उभा आहे. सुलतानाबरोबर आलाय." बँड पुन्हा सुरू झाला आणि चाचांचा मुलगा, ज्याला खोली हवी होती तो, येणाऱ्या प्रत्येकाला आपला फोन नंबर सांगत सुटला.

जेवणाच्या पंगतीत चाचा म्हणाले, "भाभी, अस्तर तो सारे शहर ने देख लिया."

"मग? आधी अस्तर दाखवलं, मागून कापड. माझ्या दुकानाचा नियमच आहे तो." ते सगळं मुद्दामच केलं होतं, असं त्या आजतागायत सांगतात, आणि आता मुलगाही तसंच सांगतो.

माग निघाला नाही. चाचांच्या मुलानं गच्चीवर पत्र्याची खोली चढवली. पोरं वर गेली, माग खाली राहिला. जॅकेटांची कामं येत राहिली. भाचीला तोंडी परीक्षेत विचारलं, माहिती तपासून घेतली का? ती म्हणाली, "व्हय सर. एक ठिकाणी चुकली होती, ती आम्ही खरी करून घेतली." मास्तरांनी ते वाक्य तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं म्हणे. पण मार्क चांगले दिले.

काकू हल्ली दुकानात येत नाहीत. गुडघे पार गेले. सून बसते, नीटनेटकी आहे, रंगाचा नंबर विचारते. मी 'सासूचा राग' मागितला तेव्हा ती दचकली. बिचारीचा दोष नाही. मी महिन्यातून एकदा काकूंना घरी भेटून येते. मला भेटीगाठींची हौस नाही. वाटेवर घर आहे म्हणून जाते, असं मी सगळ्यांना सांगते. मागच्या खेपेला त्यांनी सवयीनं माझी बाही उलटी केली, अस्तर चिमटीत धरलं, चुरगाळलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग म्हणाल्या, "बोटांना कळत नाही गं आता, मास्टरनी. तूच सांग, कसं आहे?"

स्वतःचं स्वतः कुणी सांगायचं नसतं, हा त्यांचाच कायदा. मी सांगितलं, "पक्कं आहे."

त्यांनी मान हलवली. नंतर नेहमीचा प्रश्न आला. तो गुडघ्यांचा नसतो की दुकानाचा नसतो.

"चालू?"

"चालू. आत्ता येताना मागाचा आवाज ऐकला."

"मग ते पुढं आहेत आमच्या," काकू म्हणाल्या, आणि उशीला टेकल्या. "पण उस्तादला सांगू नको."