घंटी वाजली की उतरायचं

फ्रान्समधल्या तूर या गावी माझा धाकटा भाऊ संदीप राहतो. त्याच्याकडे सुट्टीला निघाले, तेव्हा परळच्या घराच्या दारातच नवरा, मिलिंद, म्हणाला, "तू आलीस की त्या सायकलीचं बघू. भंगारवाल्याशी बोललोय मी." खाली टॅक्सी उभी होती, त्यामुळे भांडता आलं नाही. ते भांडण बरोबर घेऊनच मी विमानात बसले.

सायकल माझी आहे. भायखळ्याच्या ऑफिसात मी तिच्यावरूनच जायचे. गेल्या वर्षी लालबागच्या पुलाखाली एका गाडीने मागून हॉर्नचा भडिमार केला, मी घाबरून कडेला घेतलं, चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मनगट मोडलं. गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "मॅडम, ही काय सायकल चालवायची जागा आहे?" जमलेल्यांनी माना डोलावल्या. हॉस्पिटलात मिलिंदही तेच म्हणाला. तेव्हापासून सायकल गॅलरीत आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.

शनिवारी संदीपने दोन सायकली भाड्याने आणल्या. "आज घाई नाही हं ताई. आंब्वाझ गावापर्यंत रमतगमत जायचं." लुआर नदीच्या काठाने बांध आहे, त्याला लागून सायकलींची वाट. नदी रुंद, उथळ. मधे वाळूची बेटं आणि त्यांवर बगळे. पलीकडे पांढऱ्या दगडाच्या कड्यात कोरलेली घरं, त्यांना धुराडी, खिडक्यांना पडदेसुद्धा. रस्ता सपाट, वाऱ्याला गवताचा वास. सगळं इतकं सुखाचं होतं की मला रागच यायला लागला.

मोंलुई गावाच्या अलीकडे मागून घंटी वाजली. मी झटकन ब्रेक दाबला, उतरले आणि सायकलीसकट उतारावरच्या गवतात जाऊन उभी राहिले. तिथे कसलीतरी खाजरी पानं होती, पोटऱ्या पेटल्या. पांढऱ्या केसांच्या एक बाई सायकलवरून आल्या, मला पाहून थांबल्या आणि काहीतरी विचारू लागल्या.

"त्या म्हणतायत, उतरलात कशाला? जागा आहे की," संदीप म्हणाला. "अगं ताई, घंटी म्हणजे नुसतं 'मी येतेय'. तू रस्ता सोडायचा नसतो."

त्या बाई माझ्या पायाकडे काळजीने बघत होत्या आणि मला त्यांचाही राग येत होता. त्यांना आयुष्यात कधी असं उतरावं लागलं नसणार. त्यानंतरही घंटी वाजली की माझा पाय आपोआप जमिनीवर जायचा. शाळकरी पोरी पुढे जाताना वळून बघायच्या.

दुपारी एका गँगेतमध्ये (नदीकाठी उन्हाळ्यापुरती थाटलेली उघड्यावरची खानावळ) जेवायला बसलो. पाव आणि रियेत (चरबीत शिजवून मऊ केलेलं डुकराचं मांस) आलं. मी पिशवीतून परळहून आणलेली जवळ्याची चटणी काढली. संदीपने ती पावावर थापली, डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाला, "आपल्याकडे ही असली वाट वगैरे शक्यच नाही बघ. आपले लोकच तसे."

माझं डोकं फिरलं. "आपल्याकडे म्हणजे कुठे रे? तू राहतोस का तिकडे?"

"चिडतेस काय?"

"बाबा नायगावच्या चाळीतून मिलमध्ये सायकलवरूनच जायचे. सुट्टीच्या दिवशी पुढच्या दांडीवर तू बसायचास. त्यांना कोणी विचारलं का, ही सायकल चालवायची जागा आहे का म्हणून?"

"तेव्हा एवढ्या गाड्या कुठे होत्या?"

"मग आता ज्याची गाडी त्याचा रस्ता? हे तू मला शिकवणार?"

त्याने उरलेली चटणी पावावर घेतली आणि संपवली.

परतताना मी त्याच्याशी न बोलता पुढे राहिले. मागून घंटी आली. पाय खाली निघाला होता, मी दात आवळून तो पेडलवर दाबून धरला. कुणीतरी 'मेर्सी' (धन्यवाद) म्हणत शेजारून निघून गेलं. एवढंच असतं ते. आणि एवढ्यासाठी मी वर्षभर बसमध्ये धक्के खाल्ले होते.

लुआर फार सुंदर आहे, जमलं तर जरूर जा. माझा तिच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही. जे माझ्या दारासमोर असायला हवं, ते बघायला मला इतक्या लांब जावं लागलं.

परत आले त्या रविवारी भंगारवाला जिन्याखाली उभाच होता. मी सायकलवरचे टॉवेल काढून मिलिंदच्या हातात दिले.

"पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडले तर गाडीवाल्याशी भांड. माझ्याशी नको."

सोमवारी त्याच पुलाखाली मागून हॉर्न सुरू झाला. मनगटात कळ आली. सिग्नलला गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली आली. "मॅडम, बाजूला घ्या ना. हॉर्न ऐकू येत नाही का?"

"येतो. जागा आहे की. शेजारून जा."

सिग्नल सुटला, मागे सगळे हॉर्न एकदम वाजले. मी उतरले नाही.