कावहिनीचा खडू

बाई शिवणकाम करायची, पण 'का?' विचारल्याशिवाय तिचं पान हलत नसे, म्हणून अख्ख्या इमारतीत ती कावहिनी. बाही खांद्यात का काचते, सुई नेमकी घाईतच का मोडते, सगळ्याचा तिला छडा लावायचा असे. नवरा नळ दुरुस्त करणारा. गावभरच्या गळत्या शोधायचा आणि घरी आला की कानात बोळे!

एका सकाळी तिला दिसलं, माशाच्या टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरतंय. टाकीत एकटी ठमी, केशरी, गोल पोटाची मासोळी. लेक शिकायला परगावी गेली तेव्हा "आई, हिला जप" म्हणून सोपवून गेलेली. हिला काही झालं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं?

"हवेत उडतंय गं ते," नवरा म्हणाला. "वीस वर्षं पाण्यात गेली माझी!"

"पाण्यातच गेली खरी."

तिने टाकीशेजारी काचेचा मोठा वाडगा भरून ठेवला आणि कापड बेतायच्या खडूने दोन्हींवर पाण्याच्या पातळीला रेघ मारली. हवेत उडायचं तर दोन्हीकडचं सारखंच उडेल ना? दोन दिवसांनी वाडग्यातलं पाणी रेघेपासून जेमतेम हललं होतं. टाकीतलं चांगलं दोन बोटं खाली!

"खडूने गळती शोधतेस? मग मी काय झबली शिवू?" नवरा हसत सुटला.

तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. नळाचं ताजं पाणी ठमीला बाधतं, म्हणून टाकीत भर घालायला तिने एक बादली भरून मुरायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी टाकीचा मागचा सांधा सुटला आणि पाण्याची धारच लागली.

"अहो, उसवली!"

नवऱ्याने धावत जाऊन दोन्ही तळवे सांध्यावर दाबले. पाणी बोटांमधून त्याच्या बाह्यांत शिरायला लागलं.

"बादली कुठाय?" तिने विचारलं.

"ती होय? शिळं पाणी म्हणून सकाळीच ओतून टाकलं मी."

"कर्म माझं! हात काढलात तर याद राखा."

टाकीत ठमी आडवी व्हायला लागली होती. कावहिनीची नजर वाडग्यावर गेली. तीन दिवसांचं मुरलेलं पाणी, काठोकाठ! तिने चहाच्या गाळणीने ठमीला अलगद उचलून त्यात सोडलं. ठमी क्षणभर निपचित राहिली, मग शेपूट हलवून गर्रकन वळली. कावहिनीच्या जिवात जीव आला.

"काढा आता हात," ती म्हणाली. "किती उडालं हवेत?"

नवरा नखशिखांत भिजला होता. त्याने फडकं घेऊन फरशी पुसायला घेतली.

आठवड्याने भर दुपारी त्याचा फोन आला, कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या घरून.

"अगं, इथला हौद रोज उतरतोय. मालक म्हणतो, हवेत उडतंय. ती तुझी रेघ कितीशा वेळाने बघायची?"

"का?" तिने मुद्दामच विचारलं.

"का म्हणजे? मला येत नाही म्हणून," तो म्हणाला. "सांग ना."