बर्फावरची वडी

ती वडी मी एकदाच केली. ऑफिसातल्या एकीच्या बहिणीने कॅनडाहून पत्रात कृती कळवली होती: चॉकलेटची, तीन थरांची, भट्टी लागत नाही, तिकडे घरोघरी करतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही बायका घरचं काहीतरी नेत असू. मी खाडीकाठच्या दिवाळे गावची, कोळ्याच्या घरातली, गावातली पहिली पदवीधर मुलगी. म्हटलं, या खेपेला सगळ्यांनी माझ्या हातचं खायचं.

बिस्किटांचा चुरा, कोको, सुकं खोबरं आणि लोणी कालवून डब्यात थापलं. एक थर गार होऊन घट्ट झाल्याशिवाय पुढचा घालता येत नाही आणि आमच्याकडे फ्रिज नव्हता. आईची मासळीची पेटी होती, बर्फाने भरलेली. तिने त्यातली कोलंबी काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि डब्याला जागा केली.

"आये, कोलंबी नरम परंल."

"परूं दे. ती काय कॉलेजात जानार हाय?"

मग कस्टर्ड पावडरचा पिवळा थर, त्यावर वितळवलेलं चॉकलेट. आई शेजारीच बसून होती. दर थराला झाकण उघडून बोटाने दाबून बघायची, पण बोट चाटायची नाही, पुसायची. ऑफिसातल्या बायांच्या आधी उष्टं कसं करायचं! सकाळी निघताना एवढंच म्हणाली, "उरली त मना एक आन."

"अय्या, तुझ्याकडे फ्रिज आला?" ऑफिसात एकीने विचारलं. मी सरळ सांगितलं. लपवण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

"मासळीच्या पेटीत?"

"माझा आज शनिवार आहे गं."

"म्हणजे कोलंबीचीच वडी की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, त्याची लाज अजून वाटते. डबा भरलेलाच परत आला.

संध्याकाळी गावाच्या बंधाऱ्यावर उभी राहून मी सगळ्या वड्या खाडीत टाकल्या आणि डबा तिथल्याच खाऱ्या पाण्यात विसळला. रागात होते. आईसाठी एक ठेवायची हे नंतर आठवलं.

ती दारातच होती. "उरली काय?"

"एक नाय, आये. बाया तुटून परल्या सगल्या."

तिने शेजारणीला हाक मारली. "आयकलंस काय? माज्या बरफावरची वरी हापिसान संपली!"

डब्याच्या कोपऱ्यात थोडं चॉकलेट चिकटलेलं होतं. ते तिने बोटाने खरवडून जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"खारट झाली गो," हळूच म्हणाली. "पुरच्या टायमाला मीठ कमी घाल."

वडीत मीठ घातलंच नव्हतं. करताना तिने सगळं बघितलं होतं.

नरम पडलेली कोलंबी तिने विकायला नेली नव्हती. तिचंच कालवण केलं, आम्ही दोघी जेवलो. वडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, मीही नाही. पुढच्या भादव्यात ती काविळीने गेली.